जबाबदार व्यक्तीची सही

देशातली सगळ्यात मोठी बँक बुडाल्याची बातमी आली, त्या सकाळी ताईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नवे कपडे परवडेनासे झाले तशी लोकांना कपाटातल्या जुन्या कपड्यांची आठवण झाली होती. कुणाला कोटाचं अस्तर बदलून हवं होतं, कुणाला शर्टाची कॉलर उलटवून हवी होती. एका बाईला नवऱ्याची पँट मुलाला बसेल अशी करून हवी होती, तर दुसरीला मुलाची पँट नवऱ्याला, कारण नोकरी गेल्यापासून काळजीने नवरा अर्धा झाला होता. मंदीने सगळ्यांच्या शिवणी उसवल्या होत्या, आणि उसवलेलं शिवायचं हाच ताईचा धंदा होता.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला लांब आरसा आणि पडद्यामागे कपडे घालून बघायला एवढीशी जागा. तिथे जरा जाड माणूस वळला की पडद्यासकट बाहेर यायचा. पण खोली ताईच्या स्वतःच्या नावावर होती. तिच्या नावावर आता एवढंच उरलं होतं. बाकीचं सगळं एकेक करून सोन्याला वाचवण्यात गेलं होतं.

सोन्या हा ताईचा धाकटा भाऊ. सख्खा भाऊ एकच, पण दहांना पुरून उरेल असा. वय सेहेचाळीस, डोक्याला चकाकतं टक्कल, आणि आईने पाळण्यात असताना ठेवलेलं लाडाचं नाव त्याला इतकं घट्ट बसलेलं की खरं नाव विचारलं तर त्याची बायकोसुद्धा क्षणभर विचारात पडायची. आई जाताना ताईला म्हणाली होती, "त्याला सांभाळ." कुठवर, ते सांगायचं राहून गेलं.

शाळेत असताना तो गणितात आपटला की प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून ताई सही करायची. पुढे मोठा झाल्यावर त्याने डोंगरउतारावरच्या वस्तीत सायकली भाड्याने द्यायचा धंदा काढला. लोक सायकलीवर बसून मजेत खाली जायचे आणि चढ बघून सायकल तिथेच टाकून बसने परत यायचे. त्यात ताईचं गळ्यातलं गेलं. मग त्याने शोभेचे मासे विकले. ते मेले, आणि त्यांच्याबरोबर ताईच्या नवऱ्याच्या निवृत्तीच्या रकमेचा मोठा भाग वर तरंगला. शेवटी त्याने पुतळे करायला घेतले. कापडाच्या दुकानात काचेआड उभे असतात ना, ते. हा धंदा मात्र, कुणाची दृष्ट लागेल म्हणून घरात मोठ्याने बोलत नसत, पण चालला.

सुरुवातीला तोंडाचा साचा घ्यायला मॉडेल परवडत नव्हती, म्हणून ताईच्याच चेहऱ्याचा साचा घेतला होता. नाकात दोन नळ्या खुपसून ती कितीतरी वेळ प्लास्टरखाली निपचित पडून होती. तेव्हापासून सोन्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक पुतळ्याला, मग ती बाई असो की बाप्या, नाक ताईचंच. शहरभर काचांआड ताई उभी होती, तिला जन्मात परवडले नसते असे कपडे घालून.

ताईचे यजमान आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले होते. आता ते दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि पेपर मोठ्याने वाचत. येणाऱ्या-जाणाऱ्याला बातम्या फुकट.

"ऐकलंस का? सरकार बँकेला वाचवणार आहे."

"का म्हणून? तिनेच घाण केली ना?" तोंडात टाचण्या धरून ताई म्हणाली.

"ती फार मोठी आहे म्हणे. ती पडली तर तिच्यावर रेललेले सगळे पडतील."

"मग आपला सोन्याही तसाच की. तो पडला की आपणही पडतो."

"छे! सोन्यावर कोण रेललंय? सोन्या आपल्यावर रेललाय. पेपर नीट ऐकत जा."

एवढ्यात सोन्याच दारात उभा राहिला.

"शंभर वर्षं आयुष्य आहे तुला," यजमान पेपराची घडी घालत म्हणाले. "आणि ते सगळं आम्हाला निस्तरायचंय."

"भावोजी, थट्टा नका करू. ताई, मी बुडालो."

हे वाक्य ताईने इतक्यांदा ऐकलं होतं की मशीन चालवायची थांबलीसुद्धा नाही. "किती?"

"गळ्यापर्यंत. कापडाची दुकानं धडाधड बंद पडतायत. पैसे द्यायचे तर पुतळेच परत पाठवतायत. शेडमध्ये इतकी गर्दी झालीये की मला आत जायला 'जरा सरका' म्हणावं लागतं." तो कपड्यांचा गठ्ठा बाजूला सारून बसला. "पण मार्ग आहे. सरकार आता कारखान्यांनाही हात देणार आहे. अट एकच. दहा कामगार हवेत."

"तुझ्याकडे किती आहेत?"

"साचेवाला आणि रंगारी काका. मला धरून तीन."

"मग उरलेले सात?"

सोन्याने आवाज खाली आणला. "त्यासाठीच आलोय. सात निळे डगले शिवून दे. कारखान्यात घालतात तसे."

"माणसंच नाहीत तर डगले घालणार कोण?" यजमानांनी विचारलं.

"पुतळे."

पडद्यामागून, अर्धवट घातलेल्या पँटसकट, एका गिऱ्हाइकाने डोकं बाहेर काढलं. "पुतळे?"

"तुम्ही आत व्हा हो," ताई म्हणाली. "सोन्या, ही शुद्ध लबाडी आहे."

"बँकेने केलं की धोरण आणि मी केलं की लबाडी होय? मी काय स्वतःसाठी मागतोय? साचेवाल्याला दोन पोरं आहेत. काकांना या वयात कोण ठेवून घेणार? पुतळ्यांच्या भुवया काढता येतात, एवढ्यावर कुठे नोकरी मिळते? मी बुडालो की ते दोघं रस्त्यावर."

ताईला हे नेहमीचं होतं. सोन्या कधीच एकटा बुडत नसे. बुडताना कुणातरी गरिबाचा हात धरलेला असायचाच. आणि ती वाईट खोड होती असंही म्हणवत नव्हतं, कारण त्याला त्या दोघांची खरोखरच काळजी होती. माणूस सरळसरळ लुच्चा असता तर ताईचं आयुष्य फार सोपं झालं असतं.

"दुकानाचा विषय काढायचा नाही," ती म्हणाली. "हे एवढंच उरलंय. हे गेलं की मी आणि हे, दोघं त्या खुर्चीवर आळीपाळीने बसू."

"तुझी शपथ! दुकानाचं नाव तोंडातून काढणार नाही. फक्त डगले."

"फक्त डगले, फक्त डगले," यजमान पुटपुटले. "सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणायचे. आता सरकारने तीही सोय केली."

भीड भिकेची बहीण, हे ताईला ठाऊक होतं. तरीही दुसऱ्या दिवशी ती टेप गळ्यात अडकवून पुतळ्यांची मापं घ्यायला गेली.

इथे एक चूक झाली. अशी चूक दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. ताईला वाईट शिवता येत नव्हतं. कामगाराचा डगला कसा असतो? खांद्यावर उतरलेला, ढगळ, खिसे लोंबणारे. एकाच मापाचे सात ढगळ डगले शिवले असते तर काम भागलं असतं. पण ताईने प्रत्येक पुतळ्याचं वेगळं माप घेतलं. कमरेला चिमटा घातला, बाह्यांना मनगटाशी हलकी चूण दिली, कॉलरला आतून कडक कापड लावलं. पुतळ्यांची कंबर म्हणजे काय, दोन मुठींत मावेल अशी. डगले घालून सातही जण उभे राहिले तेव्हा कारखान्यात काम करायला आलेले नाही, तर कारखाना विकत घ्यायला आलेले वाटत होते.

"ताई, जरा चुरगळ की," सोन्या कळवळून म्हणाला.

"इस्त्री केलेलं मी चुरगळू?" ताईने असं बघितलं की तो विषय तिथेच संपला.

तपासणीच्या दिवशी ताई निघाली तेव्हा यजमान दारातून म्हणाले, "जायचं तर जा. पण पेन इथेच ठेवून जा."

"कॉलरी बसल्यात का तेवढं बघून येते," ताई म्हणाली. पेन तिने खरंच ड्रॉवरमध्ये ठेवलं.

सोन्याची शेड लांबुडकी होती. एका भिंतीला खुंट्यांवर नुसते हात टांगलेले, डावे एकीकडे, उजवे दुसरीकडे. कोपऱ्यात पाय रचून ठेवलेले. हवेत रसायनाचा उग्र वास आणि घासकागदाची पांढरी भुकटी. खिडकीशी स्टुलावर रंगारी काका बसलेले, हातात बारीक ब्रश. साचेवाला हा जाडजूड, अबोल माणूस. तो सकाळपासून पुतळ्यांना कामाला लावत होता आणि घामाघूम झाला होता, कारण पुतळे कामासाठी जन्माला आलेले नव्हते. त्यांना बसता येत नव्हतं, वाकता येत नव्हतं. एकीचा हात हवेत असा नाजूक उचललेला, जणू कुणी मुका घ्यावा. तिला बादली अडकवली. एकाच्या बोटांत दोऱ्याने कानस बांधली. तिघांचे हात कमरेवर होते, त्यांचं करायचं काय कळेना.

"त्यांना मुकादम करा," काकांनी सुचवलं.

"चार कामगारांवर तीन मुकादम?" सोन्या म्हणाला. "ते सरकारी ऑफिस वाटेल."

शेवटी ते तिघं भिंतीकडे तोंड करून उभे केले. भिंत तपासतायत असं समजायचं.

पुरुष वाटावेत म्हणून काकांनी चौघांना मिशा रंगवल्या होत्या. मिशा लावलेली स्वतःची चार तोंडं ताईने पहिल्यांदाच पाहिली. आपण थेट मामांवर गेलोय हे तिला या वयात कळलं.

तपासणीच्या बाई आल्या त्या किंचित लंगडत. बूट चावत होता. त्यांनी आल्या आल्या खुर्ची मागितली, बूट काढला आणि मगच मान वर केली.

"किती कामगार?"

"दहा, मॅडम," सोन्या म्हणाला.

बाईंनी शेडभर नजर फिरवली. मग त्या एका पायातल्या बुटावर उठल्या, बादली धरलेल्या पुतळ्यापाशी गेल्या आणि त्याच्या खांद्यावर बोटाने वाजवलं. पोकळ आवाज आला. टक टक.

साचेवाल्याने डोळे मिटून घेतले.

"हे बोलत नाहीत का?"

"कामाच्या वेळेत बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे," सोन्याने सांगितलं.

"चांगला आहे. आमच्या ऑफिसात लावायला हवा." बाईंनी दुसऱ्याची कॉलर चिमटीत धरून पाहिली. "डगला फार छान शिवलाय. कुणी शिवला?"

ताईला कान गरम झाल्यासारखं वाटलं. लाजेने की कौतुकाने, तिचं तिलाच कळेना.

"आणि सगळे एकाच घरातले दिसतात," बाई म्हणाल्या.

"घरगुती उद्योग आहे, मॅडम."

बाई परत खुर्चीत बसल्या आणि पाय चोळू लागल्या. "हे बघा," त्या थकून म्हणाल्या, "परवा एका कारखान्यात गेले तर तिथे कामगार होते, कारखानाच नव्हता. शेजारच्या लग्नातले वाढपी आणून उभे केले होते. काल एका ठिकाणी कारखाना होता, कामगार होते, पण मालक बनावट निघाला. तुमच्याकडे निदान पुतळे तरी खरे आहेत. सरकारला कारखाने वाचवायचेत. मंत्र्यांना भाषणात आकडा सांगायचाय. माझ्या वाट्याला चाळीस कारखाने आलेत आणि तुम्ही एकोणचाळिसावे. मी दहा लिहिते."

सोन्या रडवेला झाला. साचेवाल्याने कपाळ पुसलं. ताईला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी देशाची काळजी वाटली.

"फक्त इथे सही लागेल," बाईंनी कागद पुढे सरकवला. "खाली. जबाबदार व्यक्ती."

"म्हणजे?"

"उद्या वरून कुणी तपासायला आलं आणि काही कमीजास्त निघालं, तर कुणाला धरायचं, त्या माणसाची."

"मालकाची?" ताईने विचारलं.

"मालकाची चालते, पण आम्ही शक्यतो घेत नाही. मालकाकडे काही नसतं. असतं तर तो मदत कशाला मागेल? ज्याच्या नावावर काहीतरी आहे असा माणूस बघा. घर, जागा, काहीही."

"ताईच्या नावावर दुकान आहे!" सोन्या म्हणाला. "अगदी मोक्यावर."

तो बोलून गेला आणि ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. शपथ मोडली हेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. घरी आलेला माणूस चपला काढतो तितक्या सहज तो तिच्या दुकानात शिरला होता. एवढंच नाही तर वळून साचेवाल्याला सांगायलाही लागला होता, की पैसे आले की आधी शेडचं छप्पर दुरुस्त करून घेऊ.

बाईंनी आपलं पेन ताईपुढे धरलं. ताईचं स्वतःचं दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होतं, पण तिच्या हाताला ते सांगायला कुणी नव्हतं. हात आपणहून पुढे गेला. त्याला सवयच होती.

पेन धरून तिने वर पाहिलं. समोर त्या सात जणी. काही मिशांच्या, काही बिनमिशांच्या, ज्यांची तोंडं इकडे होती त्या सगळ्या गालातल्या गालात हसत होत्या. एकीनेही काडीचं काम केलं नव्हतं, करणारही नव्हती. नुसतं उभं राहायचं, मोजून घ्यायचं, आणि सोन्याला वाचवायचं. ताईच्या मनात आलं, मी इथे आधीच सात वेळा उभी आहे. आठव्यांदा कशाला?

"नाही," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की आपण बोललो की नुसतं मनात आलं, याची तिलाच शंका आली. म्हणून तिने पुन्हा म्हणून पाहिलं. "नाही. मी सही करणार नाही."

सोन्या हसला. "मॅडम, ताई गंमत करते."

"गंमत नाही."

"अगं, एक सही, ताई!"

"एक कुठली रे? तू चौथीत होतास तेव्हापासून ती एकच चाललीये."

सोन्याचं हसू ओसरलं. त्याने काकांकडे पाहिलं. काकांना एकाएकी एका पापणीत फार गंभीर दोष दिसला आणि ते त्यात बुडून गेले. त्याने साचेवाल्याकडे पाहिलं. तो मागे नळ गळतोय का बघायला गेला होता.

"मग करायची कुणी?"

"तू कर."

"मी? माझ्याकडे काय आहे?"

"नाव आहे ना? ते तरी आठवतंय का?"

सोन्याने पेन घेतलं. खुर्चीवर बसला, पुन्हा उठला, टेबल नीट लावलं, पुन्हा बसला. सही कशी करायची याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. बोटाने हवेत दोन-तीन वळणं गिरवून पाहिली. मग पेन कागदाला टेकवता टेकवता थांबला.

"वर काय लिहिलंय?"

"तेच, नेहमीचं," बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "कोण वाचतं?"

"खाली माझं नाव येणार आहे, मॅडम."

आणि सोन्या वाचायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखादा कागद वरून खाली वाचत होता, आणि तोही मोठ्याने, बोट ठेवून. "मी असे जाहीर करतो की... सदर ठिकाणी... प्रत्यक्ष कामावर असलेले... दहा..." इथे तो अडखळला. त्याने बादलीवालीकडे पाहिलं. कानसवाल्याकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे. टकलावर घामाचे थेंब उभे राहिले. त्याला पापाची भीती वाटत होती असं नाही. ताईने त्याला लहानपणापासून पाहिलं होतं, पापाला तो कधी घाबरला नाही. त्याला भीती वाटत होती ती स्वतःच्या नावाची.

त्याने 'दहा' खोडलं. शेजारी 'तीन' लिहिलं. आणि खाली, जीभ दातात धरून, लहान मूल काढतं तसं एकेक अक्षर काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"अहो, हे काय केलंत!" बाई एका बुटावर उभ्या राहिल्या. "तिनावर मदत बसत नाही! मी दहा म्हणतेय, सरकार दहा म्हणतंय, मंत्री दहा म्हणतायत, तुम्ही कोण तीन म्हणणारे?"

"तीनच आहेत, मॅडम."

"मला माहीत नाही का? मला दिसत नाही का?" बाईंचा आवाज चिरकला. "माझे एकोणचाळीस झाले असते!" मग त्या वळल्या. "तुम्ही, ताई. तुमचं दुकान कसलं?"

"शिवणकामाचं."

"बुडतंय का?"

"नाही."

"थोडं तरी?"

"नाही हो. सध्या तर फार काम आहे."

"मग तुमच्यासाठी सरकार काही करू शकत नाही," बाई मनापासून हळहळल्या. त्यांनी बूट घातला, कळवळल्या आणि लंगडत निघून गेल्या.

मग काकांनी स्टुलावरून विचारलं, "त्या तिनात मला धरलंय ना?"

"धरलंय, काका," सोन्या म्हणाला. त्याने ताईकडे पाहिलं नाही. "ताई, तू जा. तुझं काम पडलं असेल."

इतकी वर्षं तो चिडला की ओरडायचा, आणि ओरडला की ताईला कळायचं, आता संध्याकाळी येईल. या वेळी तो ओरडला नाही. ती दुकानात परतली.

"मी नाही म्हटलं," तिने यजमानांना सांगितलं.

त्यांनी पेपर खाली केला. "कुणाला?"

"सोन्याला."

ते उठले आणि आपली खुर्ची तिला दिली.

पण त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. सोन्या येईना, निरोप येईना. पेपरात मंत्र्यांचं भाषण आलं, इतके कारखाने वाचवले म्हणून. यजमानांनी ते मनातल्या मनात वाचलं. दुकान वाचलं होतं, ताई त्यात बसून दिवसभर शिवत होती आणि दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होती. टाके वाकडे पडायला लागले. दोनदा एकाच पँटचे पाय तिने एकमेकांना शिवून टाकले. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात. काठावर उभं राहणाऱ्याचं काय होतं, ते कुणी सांगितलेलं नाही. एकदा तिने पिशवी उचलली.

"कुठे?" यजमानांनी विचारलं.

"दोरा आणायला."

"दोऱ्याचं दुकान उजवीकडे आहे. तू डावीकडे निघालीस."

ती पिशवी ठेवून परत बसली. हात वाचवायला शिवशिवत होते आणि वाचवायला समोर कुणी नव्हतं.

मग एका दुपारी सोन्या आला. वाळला होता. हातांवर रंगाचे डाग होते. गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर, कडेला, परक्यासारखा बसला.

"भावोजी कुठेत?"

"घरी झोपलेत."

"बरंय." तो जरा वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. "शेडचा पुढचा भाग सोडला. एक रद्दीवाला आलाय तिथे. मागच्या भागात आम्ही. नवे पुतळे कुणी घेत नाही. दुकानं उरलीत ती जुन्यांनाच रंग द्यायला बोलावतात. काकांच्या हाताखाली मी शिकतोय. ओठ येतात आता, डोळे येत नाहीत अजून. चकणे होतात."

"आणि साचेवाला?"

"त्याला सांगितलं. अर्धाच आठवडा ये म्हणून. मी सांगितलं, ताई. स्वतः. समोर उभं राहून. दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही." तो थांबला. "तो काही बोलला नाही. साचा पुसत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

ताईने मान हलवली, आणि तिचा उजवा हात आपोआप टेबलाच्या ड्रॉवरकडे गेला. तिथे गल्ल्यातले पैसे असायचे.

"नको," सोन्या म्हणाला. "बंद कर तो ड्रॉवर. मी काही मागायला आलो नाही."

"मग?"

"नुसतं सांगायला आलोय. कुणालातरी सांगावं लागतं की नाही? बायकोला सांगितलं तर ती रडते. काकांना ऐकू कमी येतं."

ताईने ड्रॉवर लोटला. आता हात कुठे ठेवावेत हे तिला सुचेना. सोन्याच्या अडचणी तिला पाठ होत्या, पण त्या नुसत्या ऐकायच्या असतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एरवी तो अर्धं बोलेपर्यंत तिचं देऊन झालेलं असायचं. तिने हात मांडीवर ठेवले आणि तशीच बसली, शाळेतल्या मुलीसारखी.

"आणि दुसरं," सोन्या म्हणाला. आता त्याचा आवाज चढायला लागला. "तुझ्याबद्दल."

"माझ्याबद्दल काय?"

"त्या दिवशी तू मला चारचौघांत तोंडघशी पाडलंस. नाही म्हणायचं होतं तर आधी म्हणायचंस! डगले शिवलेस, मापं घेतलीस, कॉलरीत कडक कापड घातलंस, आणि आयत्या वेळी नाही? मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला तरी कुठे माहीत होतं?"

सोन्याचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे, तूही पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच."

तेवढ्यात दारात एक बाई आल्या, हातात पावती धरून. "ताई, माझा कोट झाला ना हो?"

"जरा थांबा," ताई म्हणाली. तिने मशीनवरचा पाय काढून घेतला आणि स्टूल सोन्याकडे वळवलं. "माझा भाऊ माझ्यावर रागावतोय. त्याचं आधी होऊ दे."